तळ्याच्या वरच्या अंगाची जमीन
(वाचकांचे प्रश्न)

मागील अंकात इंदूरच्या सिरपूर तलावावर हिवाळ्यात येणाऱ्या पक्ष्यांविषयी टिपण प्रसिद्ध झाल्यानंतर बरीच पत्रे आली. त्यांपैकी काही पत्रांत पक्ष्यांची नावे विचारली आहेत. त्यांना पुढील अंकात सचित्र उत्तर देऊ. उरलेल्या पत्रांचा रोख मात्र पाण्याकडे नसून पाण्याच्या भोवतालच्या जमिनीकडे आहे. तळे राखायचे असेल तर आधी त्याच्या वरच्या अंगाची जमीन राखावी लागते, असे माझे फार जुने मत असल्याने या वेळचे सदर त्याच पत्रांना दिले आहे.

प्रश्न : आम्ही सुदामानगरला राहतो आणि रोज सकाळी सिरपूरच्या पाळीवर फिरावयास जातो. तलावाला रामसरचा दर्जा मिळाला, शहरालाही पाणथळ शहर म्हणून मान्यता मिळाली. आता तलाव कायमचा सुरक्षित झाला, असे समजावे काय?

उत्तर : आपला आनंद रास्त आहे. सुमारे १६१ हेक्टरांचा सिरपूर आणि सुमारे ८२३ हेक्टरांचा यशवंत सागर ही आपल्या शहराची दोन्ही तळी २०२२ मध्ये रामसर यादीत गेली आणि जानेवारी २०२५ मध्ये इंदूर व उदयपूर ही भारतातील पहिली दोन शहरे पाणथळ शहरांच्या यादीत आली. ही शहराची मान्यता सहा वर्षांपुरती असते आणि नंतर पुन्हा तपासली जाते. तेव्हा ‘कायमचा’ हा शब्द तूर्त बाजूला ठेवावा लागेल.

रामसर हे इराणमधील एका गावाचे नाव. तेथे २ फेब्रुवारी १९७१ रोजी पाणथळ जागांविषयीचा करार झाला आणि १९८२ मध्ये भारत त्यात सामील झाला. कराराने देशावर जबाबदारी येते; पण एखाद्या नाल्यात मैला सोडणाऱ्याला रोखण्याचे बळ त्या करारातून थेट येत नाही. ते येते आपल्याकडील २०१७ च्या पाणथळ जागा संवर्धन व व्यवस्थापन नियमांतून. या नियमांतील एक बारकावा फारसा कोणी सांगत नाही. पिण्याच्या पाण्यासाठी, सिंचनासाठी किंवा करमणुकीसाठी मुद्दाम बांधलेली तळी ‘पाणथळ जागा’ या व्याख्येतून वगळलेली आहेत. मात्र रामसर यादीतील जागांना हे नियम लागू होतात, असे त्यांत स्वतंत्रपणे म्हटले आहे. म्हणजे होळकरांच्या काळात माणसांनी बांधलेल्या आपल्या या दोन तळ्यांना त्या दर्जामुळे कायद्याचे छत्र निश्चित मिळाले. बिलावली आणि लिंबोदी यांसारख्या तळ्यांच्या बाबतीत मात्र व्याख्येतील त्या वगळणुकीवर बोट ठेवून वाद घालण्यास जागा राहते. म्हणून मी त्या दर्जाला नुसती शोभेची पाटी मानत नाही.

नियमांनुसार पाणथळ जागेचा अन्य उपयोग करण्यास, तीत अतिक्रमण करण्यास, कचरा टाकण्यास व प्रक्रिया न केलेले सांडपाणी सोडण्यास मनाई आहे. त्याचप्रमाणे गेल्या दहा वर्षांतील सरासरी उच्च पूररेषेपासून ५० मीटरांच्या आत पक्के बांधकाम करता येत नाही. आपण पाळीवरून फिरताना हे ५० मीटर डोळ्यांनी मोजून पाहा. दीडशे पावलेही होत नाहीत. तळ्यात येणारे पाणी मात्र कितीतरी किलोमीटरांवरून येते. पावसाचा थेंब जेथे पडल्यावर उतरत उतरत शेवटी तळ्यातच येतो, ती सगळी जमीन म्हणजे त्या तळ्याचे पाणलोट क्षेत्र. ती शेते, कुरणे व पडीक माळ यांच्या रूपात असते तोवर पाणी मुरत मुरत, मातीतून गाळले जाऊन, दिवाळीनंतरही झिरपत राहते. तीच जमीन छपरे आणि सिमेंटचे रस्ते यांनी झाकली गेली की चार महिन्यांचे पाणी चार सरींत धावत येते, येताना रस्त्यावरचे तेल, प्लास्टिक व गटारातील घाण बरोबर आणते आणि कार्तिक उलटताच तळ्याकडे येणारा झिरपा थांबतो. ५० मीटरांची पट्टी कितीही कडकपणे राखली तरी या दुखण्यावर तिचा इलाज नाही.

नियमकर्त्यांना याची जाण होती. म्हणूनच त्यांनी ‘प्रभावक्षेत्र’ ही संकल्पना घातली आहे. पाणलोटाच्या ज्या भागातील कामांमुळे पाणथळ जागेवर अनिष्ट परिणाम होतो तो भाग आखावा आणि त्यात काय चालेल, काय मर्यादेत चालेल व काय मुळीच चालणार नाही यांची यादी करावी, असे नियम सांगतात. आपण सकाळी फिरणारे पंधरा-वीस जण असाल, तर सिरपूरच्या प्रभावक्षेत्राची हद्द व ही यादी लेखी मागा. तलाव सुरक्षित आहे की नाही, याचे उत्तर पक्ष्यांच्या संख्येपेक्षा त्या कागदावर अधिक स्पष्ट मिळेल.

प्रश्न : हातोदच्या पुढे, यशवंत सागराच्या वरच्या बाजूस, आमची वडिलोपार्जित नऊ बिघे जमीन आहे. एका बाजूने नाला जातो, त्याच्या काठी गवताचा पट्टा व जुनी बाभळीची झाडे आहेत आणि काही वर्षे तेथे सारसांची जोडी येत होती. कॉलोनायझर (प्लॉट पाडून विकणारे) दर महिन्याला चकरा मारतात. आम्हां दोघा भावांची वये सत्तरीपुढची असून मुले पुण्यात व परदेशात आहेत. आमच्या मागे ही जमीन प्लॉटांत जाऊ नये, अशी काही पक्की व्यवस्था कागदावर करता येते काय?
(एक वाचक, लोकमान्यनगर)

उत्तर : आपले पत्र मी तीनदा वाचले. असे प्रश्न विचारणारी माणसे थोडी, आणि त्यांना सरळ उत्तर देता येत नाही याची खंत मोठी.

अमेरिकेत यासाठी एक तयार वाट आहे. मालक जमीन आपल्याकडेच ठेवतो, पिकवतो, मुलांना देतो किंवा विकतोही. मात्र तिच्यावर बांधकाम करण्याचा हक्क तो नोंदणीकृत दस्ताने एखाद्या विश्वस्त संस्थेस कायमचा सोडून देतो आणि ते बंधन पुढच्या प्रत्येक मालकावर चालते. जमीन राखणाऱ्या अशा संस्थांची परंपरा तेथे मॅसॅच्युसेट्समध्ये १८९१ पासून आहे. न्यूयॉर्क शहराने तर १९९७ च्या करारानंतर आपल्या पाण्याच्या पाणलोटातील जमिनी राजीखुशीने विकणाऱ्यांकडून बाजारभावाने घेतल्या किंवा त्यांच्यावरील बांधकामाचे हक्क विकत घेतले. डोंगरातील जमीन राखणे हे प्रचंड गाळणी-केंद्र बांधण्यापेक्षा स्वस्त पडते, हा त्यांचा हिशेब होता. नर्मदेचे पाणी सुमारे ७० किलोमीटरांवरून उपसून आणणाऱ्या आपल्या शहराने हा हिशेब कधीतरी मांडून पाहावा, असे मला मनापासून वाटते.

आपल्याकडे हे जसेच्या तसे होत नाही. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानुसार असा हक्क एका जमिनीच्या उपभोगासाठी दुसऱ्या जमिनीवर असतो, आणि ज्या संस्थेची शेजारी जमीनच नाही तिला तो घेता येत नाही. मुलांच्या नावे बक्षीसपत्र करून त्यात ‘ही जमीन कधीही विकू नये’ असे लिहावे, तर १८८२ च्याच मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या १० व्या कलमाप्रमाणे अशी संपूर्ण बंदी निरर्थक ठरते. कित्येक वडीलधाऱ्यांनी मृत्युपत्रात अशी ओळ लिहून निश्चिंत मनाने डोळे मिटले आणि त्यांच्या तेराव्यानंतर ती ओळ कोणी वाचलीही नाही. आपण त्या ओळीवर विसंबू नये.

मग उरते काय? मला तीन वाटा दिसतात. त्यांपैकी पहिली सार्वजनिक न्यासाची. १९६१ च्या आयकर कायद्यातील धर्मादाय हेतूंच्या व्याख्येत २००९ मध्ये पर्यावरणाच्या रक्षणाचा समावेश झाला आणि त्यात पाणलोट क्षेत्रे, वने व वन्यजीव यांचा उल्लेख स्पष्ट शब्दांत केला गेला. तेव्हा आपला हेतू कायद्याला अनोळखी नाही. शिवाय लोकहितासाठी केलेल्या हस्तांतरणाला चिरकालीनतेच्या विरुद्ध असलेला, म्हणजे मालमत्ता पिढ्यानपिढ्या बांधून ठेवू न देणारा, नियम लागू होत नाही, हे मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे १८ वे कलम सांगते. मध्य प्रदेशच्या १९५१ च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली नोंदलेल्या न्यासाची स्थावर मालमत्ता निबंधकाच्या पूर्वमंजुरीशिवाय विकता येत नाही. ही मंजुरी मिळूच शकत नाही असे नव्हे. पण एका रात्रीत रजिस्ट्री होण्याच्या मार्गात तो एक भक्कम अडसर आहे. यात खरे अवघड काम विश्वस्त निवडण्याचे. सगळे विश्वस्त आपल्या पिढीतले घेऊ नका. एक तरी चाळिशीच्या आतला असावा, एक त्याच गावचा शेतकरी असावा आणि न्यासपत्रात ‘जमीन राखावी’ एवढेच न लिहिता नाल्याच्या काठापासून किती हात गवत ठेवायचे, कोणती झाडे तोडायची नाहीत, विहीर किंवा बोअर घ्यायचा की नाही आणि उरलेल्या शेतात पीक कोणी व कोणत्या अटींवर घ्यायचे, हे सारे लिहावे. जमीन बटाईने (पिकाच्या हिश्श्यावर) द्यायची झाल्यास २०१६ च्या राज्य कायद्याप्रमाणे लेखी करार करावा. बटाईच्या उत्पन्नातून कुंपण, सारा व देखरेख यांचा खर्च निघेल. ज्या न्यासाला उत्पन्न नाही त्याची जमीन ओसाड पडते आणि ओसाड जमिनीवर आधी कचरा येतो, मागोमाग माणसे येतात.

दुसरी वाट वन्यजीव संरक्षण कायद्याची. १९७२ च्या या कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने ‘सामुदायिक राखीव क्षेत्र’ हा प्रकार आला. समाज किंवा एखादी व्यक्ती स्वतःहून पुढे आली, तर राज्य सरकार खासगी जमिनीसही असा दर्जा देऊ शकते. मालकी आपलीच राहते. मात्र अधिसूचना निघाल्यावर व्यवस्थापन समितीचा ठराव व सरकारची मान्यता असल्याशिवाय जमिनीचा वापर बदलता येत नाही. आपल्याला हवे आहे ते नेमके हेच. पंजाबात गुरदासपूर जिल्ह्यात केशोपूरच्या पाणथळ जमिनी गावांच्या पंचायतींनी अशा रीतीने राखल्या आणि २०१९ मध्ये ती जागा रामसर यादीत गेली. नऊ बिघ्यांसाठी सरकार एवढा खटाटोप करील काय, हा प्रश्न रास्त आहे. म्हणूनच नाल्याच्या वरच्या व खालच्या अंगाच्या शेजाऱ्यांशी बोलावे. नाल्याच्या दोन्ही काठांचे सलग पट्टे मिळून अर्ज गेला, तर त्यात सारसालाही अर्थ राहतो. उथळ पाणी, ओला चारा आणि घरट्याजवळ माणसांची वर्दळ नसणे या सारसाच्या गरजा एका शेतात सहसा भागत नाहीत. मध्य भारतातील सारसांचे यशवंत सागर हे महत्त्वाचे ठिकाण मानले जाते, एवढा आधार अर्जात अवश्य द्यावा.

तिसरी वाट साधी आहे आणि ती पहिल्या दोन्हींच्या आधी चालावी लागेल. मुलांना बोलवा आणि जमिनीवर न्या, पावसाळ्यात न्या. कागद कितीही पक्का केला तरी न्यायालयात त्याच्या बाजूने उभे राहणारे कोणीतरी लागते. ज्याने ती जमीन पायांनी ओळखली नाही, तो तिच्यासाठी तारखांना हजर राहणार नाही. दस्त करण्यापूर्वी जमीन-महसुलाचे काम जाणणाऱ्या वकिलाकडून आपला खसरा (जमिनीचा महसुली उतारा), हिस्सेवाटणी व शेतजमिनीच्या कमाल धारणेची बाजू तपासून घ्या. भावाभावांची वाटणी अद्याप कागदावर झाली नसेल, तर सर्वांत आधी ती करा.

प्रश्न : महूजवळ आमची शेती आहे. शहरातील लोक म्हणतात की तलाव शेतकऱ्यांच्या मातीने भरतात. आम्ही शेती सोडावी काय?

उत्तर : मुळीच नाही. शेती हीच तळ्याची वरच्या अंगाची राखण आहे. ती सोडल्यावर तेथे काय उभे राहते, हे महू-इंदूर रस्त्यावर आपण पाहतच आहात. गंभीर नदी आपल्याच भागातील डोंगरांतून निघते, यशवंत सागर भरते आणि पुढे उज्जैनला पाणी देणारे धरणही भरते. दोन शहरांचे पाणी आपल्या बांधावरून जाते.

पण मातीची तक्रार खोटी नाही. माळव्याची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पहिल्या जोरदार सरीत विरघळल्यासारखी वाहते. सोयाबीनची पेरणी पाऊस लागल्यावर होत असल्याने जूनच्या त्या सरींना जमीन उघडीच सापडते. वाहणाऱ्या मातीच्या बारीक कणांना खतातील स्फुरद चिकटलेला असतो. तो तळ्यात पोचला की जलपर्णी व शेवाळ माजते, ते कुजताना पाण्यातील प्राणवायू संपतो आणि मासे तरंगू लागतात. म्हणजे तळ्यात साचलेला गाळ हा आपण पैसे देऊन विकत घेतलेल्या खताचाच गाळ असतो. नुकसान दोन्हीकडे आहे.

उपाय महागडे नाहीत. उताराला आडवी नांगरणी व पेरणी करावी. सोयाबीन रुंद वाफे व सऱ्या पद्धतीने लावावे, म्हणजे कमी पावसात ओल टिकते आणि जास्त पावसात पाणी सरीतून सावकाश निघते. बांधावर आणि नाल्याच्या काठी गवताचा पट्टा नांगरू नये. तेथे वाळा लावल्यास त्याची मुळे खोल जातात आणि गुरे तो फारसा खात नाहीत. ओघळींत अनघड दगडांचे छोटे बांध घालावेत आणि ते वरून खाली या क्रमाने घालावेत. खालचा आधी घातला तर पहिल्याच वर्षी तो गाळाने भरून निरुपयोगी होतो.

खताविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण तो वारसा इंदूरचाच आहे. १९२४ मध्ये येथे स्थापन झालेल्या वनस्पती-उद्योग संस्थेचे संचालक अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९३१ पर्यंत येथे राहून शेतातील काडीकचऱ्यापासून कंपोस्ट करण्याची जी पद्धत बसवली, ती जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. तिच्यासाठी त्यांनी येथील शेतकऱ्यांच्याच चालीरीतींचा अभ्यास केला होता. उथळ खड्ड्यात पिकांचे अवशेष, शेण, गोठ्यातील मूत्र मुरलेली माती व राख यांचे थर देऊन ओल राखायची आणि ढीग तीनदा उलटायचा. पहिल्यांदा दोन आठवड्यांनी, पुन्हा तितक्याच अवधीने आणि शेवटी दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस उलटला की तीन महिन्यांत खत तयार होते. अशा खताने मातीचे कण एकमेकांना धरून राहतात, ती पाणी अधिक पिते आणि कमी वाहते. गव्हाचे काड जाळण्यापूर्वी एका खड्ड्यापुरते तरी करून पाहावे, एवढीच विनंती.

प्रश्न : आमच्या गावाबाहेर मोठे गवताळ माळरान आहे. सरकारी कागदांत ते पडीक म्हणून नोंदलेले आहे. तेथे सौर प्रकल्प येणार, कोणी म्हणते वृक्षारोपण होणार. माळरान राखण्यासारखे त्यात काय आहे?
(एक वाचिका, देवास)

उत्तर : ‘पडीक’ हा शब्द कर आकारणाऱ्यांच्या सोयीचा आहे. पाऊस गवताच्या मुळांतून मुरवणारी, गुरांना चारा देणारी आणि ससा, लांडगा, खोकड, चंडोल व तितर यांना आसरा देणारी जमीन पडीक कशी म्हणावी? तळ्याच्या दृष्टीने तर वरच्या अंगाला चांगले माळरान असणे म्हणजे घराला उत्तम गाळणी असण्यासारखे आहे.

आपल्या माळव्यात याचे सर्वांत हृद्य उदाहरण खरमोराचे, ज्याला मराठीत तणमोर म्हणतात. नावातच तण आहे, मोर आहे. पावसाळ्यात नर गवताच्या वर पुन्हा पुन्हा उडी घेतो, कारण उंच तणात मादीला तो अन्यथा दिसणार नाही. जगात अत्यंत संकटात असलेल्या पक्ष्यांत आज त्याची गणना होते. त्याच्यासाठी १९८३ मध्ये रतलाम जिल्ह्यात सैलाना आणि धार जिल्ह्यात सरदारपूर ही दोन अभयारण्ये घोषित झाली. मात्र सरदारपूरच्या हद्दीत कित्येक गावांची शेती आली, जमिनीच्या खरेदी-विक्रीवर बंधने आली आणि ज्या शेतकऱ्याला मुलीच्या लग्नासाठी दोन बिघे विकता येईनात त्याच्या मनात पक्ष्याविषयी माया राहणे कठीण झाले. शिवपुरी जिल्ह्यात माळढोकासाठी १९८१ मध्ये झालेल्या करेरा अभयारण्याची कथाही अशीच आहे. तेथून तर माळढोकच नाहीसा झाला. याउलट सैलान्याच्या बाजूस, शेतात खरमोर दिसल्याची खबर देणाऱ्या व ते शेत राखणाऱ्या शेतकऱ्याला बक्षीस देण्याची रीत वन विभागाने सुरू केली, ती मला अधिक शहाणपणाची वाटते. ज्याच्या जमिनीवर पक्षी उतरतो त्याच्या पदरात काहीतरी पडले पाहिजे. हे तत्त्व सोडून जमीन राखण्याचे प्रयत्न टिकत नाहीत, असा माझा ठाम अभिप्राय आहे.

आपल्या जिल्ह्याने २००६ पासून शेततळ्यांचे मोठे काम शेतकऱ्यांच्या स्वतःच्या खर्चाने व बँकेच्या कर्जाने करून दाखवले आहे. त्या तळ्यांना ‘रेवासागर’ हे सुंदर नाव मिळाले. तेव्हा लोकांना पटले की ते करतात, हे देवासकरांना मी सांगावयास नको. माळरानासाठी ग्रामसभेत विषय मांडताना पक्ष्यापासून सुरुवात न करता चाऱ्यापासून करा. त्या माळावर किती जनावरे किती महिने चरतात आणि ते बंद झाल्यास भुसा विकत घेण्याचा खर्च किती येईल, याचा घराघराचा आकडा घेऊन जा. वृक्षारोपणालाही गवताळ भागात माझा विरोध आहे. गवतावर जगणाऱ्या पक्ष्याला झाडांची दाटी अडचणीची असते, आणि शिकारी पक्षी त्याच झाडांवर बसून टेहळणी करतात.

प्रश्न : तलावाच्या काठावर दाट झाडे लावून फरसबंद पायवाट केली तर पक्षी वाढतील ना?

उत्तर : काही पक्षी वाढतील, बरेच जातील. शेकाट्याला चिखलाचा उघडा उथळ काठ हवा असतो. थापट्या, तलवार बदक व चक्रवाक यांना उतरण्यासाठी मोकळे पाणी लागते. कमळपक्षी व पाणकोंबडी यांना बेट, बोरू व पाणवनस्पती हव्यात. एकाच तळ्याचा एक काठ उथळ व उघडा, दुसरा गवताळ आणि तिसरा झाडीचा, असे असणे सर्वांत उत्तम. काठाला उभी दगडी भिंत घातली की उथळ पाणीच संपते. फिरण्याची वाट पाळीच्या बाजूस असावी. पाणी ज्या बाजूने तळ्यात शिरते ती बाजू माणसांनी सोडून द्यावी.

प्रश्न : आमच्या भागातील एक नाला बुजवला जात आहे. पूर्वी तो अमुक तळ्याला मिळत असे, असे जुने लोक सांगतात. सिद्ध कसे करावे?
(एक वाचक, राऊ)

उत्तर : जुन्या लोकांचे सांगणे लिहून घ्या, पण त्यावर थांबू नका. तहसील कार्यालयातून त्या गावाचा नकाशा व संबंधित सर्व्हे क्रमांकांचे खसरे यांच्या प्रमाणित प्रती काढा आणि शक्य तितक्या जुन्या बंदोबस्ताच्या (जमीन-मोजणी व सारा-आकारणीच्या) काढा. त्याबरोबर १९५९ च्या भू-राजस्व संहितेप्रमाणे ठेवलेले दोन कागद मागा : निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज. गावाची चराई, पाणी, वाटा, पाणवठे यांचे सामाईक हक्क त्यांत नोंदलेले असतात. खासगी जमिनीवरून पाणी जाण्याच्या वहिवाटीही कित्येकदा वाजिब-उल-अर्जात सापडतात. पटवारी टाळाटाळ करू लागले तर माहितीच्या अधिकाराखाली अर्ज द्या. तळी व नाले ही समाजाची संपत्ती असून त्यांवरील अतिक्रमण हटवले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये एका प्रकरणात तळ्याविषयी आणि २०११ मध्ये पंजाबातील एका गावतळ्याच्या प्रकरणात स्पष्टपणे सांगितले आहे. दुसऱ्या निकालात तर गावांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्यासाठी सर्व राज्यांना योजना आखण्यास सांगितले होते. अर्जात हे दोन्ही आधार द्यावेत.

घाई करावी, कारण नाला बुजवल्यावर तो होता हे सिद्ध करणे शक्य असते, पण पुन्हा उकरणे फार कठीण असते. माझ्या लहानपणी ज्या ओढ्यात आम्ही पावसाळ्यात बेडकांची पिले पाहावयास जात असू, त्यावर आज एक कॉलनी उभी आहे. तेथे प्लॉट विकताना कोणी कोणाला नकाशा दाखवला नाही. गेली काही वर्षे श्रावणात जोराची सर आली की खालच्या मजल्यावरील घरांत गुडघाभर पाणी शिरते आणि ते नेमके त्याच वळणाने शिरते, ज्या वळणाने ओढा वाहत असे. मागल्या वर्षी तेथील रहिवाशांनी तहसिलीतून जुना नकाशा काढून आणला आणि तो माझ्या टेबलावर पसरला. नाल्याची दुहेरी रेघ बावीस घरांच्या खालून जात होती. कॉलनीच्या वरच्या टोकाला अजून रिकामा असलेला चार बिघ्यांचा तुकडा तरी उघडा राहावा, म्हणून आता तेच लोक अर्ज करीत आहेत. आपल्या अर्जाचा मसुदा करताना त्यांच्या अर्जाची प्रत उपयोगी पडेल; या अंकासोबत आपणास ती टपालाने पाठवीत आहे.